ट्रंकेतली शहापुरी साडी, न झालेलं लग्न आणि ईस्टर

मार्कंडेयकाठ | शनिवार, रात्री १०:१२

ईस्टर तीन आठवड्यांवर आलाय आणि आमच्या घरात एका साडीवरून चार दिवस अबोला चाललाय. आई कामापुरतं बोलते, बाकी गप्प. विषय कुणाला क्षुल्लक वाटेल, पण मला खरंच सल्ला हवाय, म्हणून धागा काढतेय.

मी ४१ वर्षांची. बेळगावातच जन्मले, वाढले. मंडळी मेथॉडिस्ट. एका पतसंस्थेत नोकरी करते. लग्न झालेलं नाही. २००८ साली जुळलं होतं. बघायला आले तेव्हा मुलाकडचे हो म्हणून गेले, म्हणून पप्पा दुसऱ्याच दिवशी बेळगावच्याच शहापूर भागात जाऊन साडी घेऊन आले. चर्चमधल्या विधीला सासरची पांढरी आणि संध्याकाळी नेसायला ही आपली, असं ठरलं होतं. मोरपंखी रंग, लाल काठ, पदराला जर. चार हजार दोनशे रुपयांची. पप्पांनी आयुष्यात स्वतःसाठी एवढ्या किमतीचं काहीच घेतलं नव्हतं. बसमध्ये कुणाचा धक्का लागेल म्हणून रिक्षाने आले होते, ते मला अजून आठवतं, कारण पप्पा रिक्षा कधी करायचे नाहीत.

साखरपुड्याला दहा दिवस असताना निरोप आला. मुलाच्या आईला मुलगी "फोटोपेक्षा फारच सावळी" वाटली होती. त्यानंतरही स्थळं आली, पुढे येईनाशी झाली. साडी ट्रंकेत गेली. पप्पा २०१६ मध्ये गेले.

मागच्या मंगळवारी ट्रंक आवरायला काढली. साडी उलगडली तर मधल्या घडीवर पांढुरकी रेघ. बोट फिरवलं तर रेशमाचे दोन धागे तुटून बोटालाच चिकटले. मी म्हटलं, आई, ईस्टरच्या पहाटेच्या उपासनेला ही नेसते. नाहीतर इथेच विरून जाईल.

आई म्हणाली, "ती लग्नाची आहे."

मी म्हटलं, "कुणाच्या?"

तेव्हापासून अबोला.

दुसरी गोष्ट, तीही याच्याशीच जोडलेली आहे. दोन वर्षं झाली, मी केस काळे करणं सोडलंय. गेल्या रविवारी उपदेश बायबलातल्या पेत्राच्या पहिल्या पत्राच्या ३ऱ्या अध्यायावर होता, बाईची शोभा बाहेरची नसावी यावर. छान सांगितलं पाळकसाहेबांनी. उपासना सुटली आणि फाटकापाशी ओळखीच्या एका काकींनी माझा हात धरला. म्हणाल्या, "केसांना काळं लाव गं. अजून एखादा विधुर मिळून जाईल." आत एक ऐकलं आणि फाटकापर्यंत येईतो त्याच्या उलट. नटलं तर मन देवाकडे नाही, न नटलं तर लग्न होणार कसं. सोळा वर्षं मी या दोन्हींच्या मधे उभी आहे. आणि दोन्ही बोलण्यांत एक गोष्ट धरूनच चाललेली असते, की मी कशाची तरी वाट बघतेय. मी वाट बघत नाही. कधीपासून बघत नाही ते मलाही नेमकं सांगता येणार नाही. पण हे आईला सांगायला मला शब्द सापडत नाहीत.

साडी नेसू की नको?

---

सरू_निपाणी | शनिवार, रात्री ११:०५

ताई, राग मानू नका, पण मी वेगळं सांगणार. ईस्टर प्रभूच्या पुनरुत्थानाचा दिवस. त्या पहाटे सगळ्यांचं लक्ष आपल्या जरीकडे जावं हे बरं नाही. पहिल्या तीमथ्यात दुसऱ्या अध्यायाचं ९वं वचन स्पष्ट आहे, बायकांनी सोन्यामोत्यांनी, महागड्या वस्त्रांनी नटू नये.

मी बारा वर्षांपूर्वी एका फेलोशिपमध्ये जायला लागले, तेव्हा कानातलं, बांगड्या, सगळं काढलं. कुणी जबरदस्ती केली नाही. पहिल्या दिवशी भाकरी थापताना हाताचा आवाजच येईना, चुकल्यासारखं झालं. मग सवय झाली. खरं सांगते, सुटल्यासारखं वाटलं. लग्नकार्यात कुणाच्या गळ्यात किती तोळे हे बघणंच संपलं माझं. हे सुख तुम्हालाही मिळावं एवढंच.

आणि आईचं मन मोडू नका. आईबापांचा मान राख ही आज्ञा आहे.

---

अनगोळकर | रविवार, सकाळी ७:४०

४१ म्हणजे काही वय गेलं नाही. माझ्या मामेबहिणीचं ४३व्या वर्षी झालं, दोघं सुखात आहेत. साडी जपून ठेवा. देवाच्या घरी देर आहे.

---

गोकाकची_पोर | रविवार, दुपारी १:२०

अनगोळकर दादा, ताईंनी स्थळ विचारलेलं नाही.

मी २६ची, आणि सध्या ताई २००८मध्ये होत्या तिथे आहे. बायोडाटाचा फोटो काढायला स्टुडिओत गेले. मी कपडे ठीक करून पुढे येईपर्यंत त्या माणसाने कॉम्प्युटरवर माझा चेहरा उजळ करून टाकला होता. न विचारता. मान तशीच राहिली माझ्या रंगाची आणि वर चेहरा दुसऱ्याच कुणाचा. आईला म्हटलं, हा नको. आई म्हणाली, राहू दे, सगळे असंच करतात. बायोडाटात वर "देवभीरू, मंडळीत सक्रिय" आणि खाली "रंग : गव्हाळ". मी गव्हाळ नाही.

आमच्या तरुण संघाच्या बाईंना लिपस्टिक लावलेली चालत नाही. लग्न जुळवणाऱ्या बाई मात्र म्हणतात, थोडं तरी लावून ये. दोघीही एकाच बाकावर बसतात रविवारी.

ताई, तुम्ही नेसलात तर मला बरं वाटेल. का ते नीट सांगता येत नाही.

---

मिरजेची_सिस्टर | रविवार, रात्री ८:३०

मार्कंडेयकाठ, बाळ, मी ६८ वर्षांची. लग्न केलं नाही. नर्सिंग मिरजेला वॉनलेसमध्ये शिकले. १८९४ साली डॉ. वॉनलेसनी उभं केलेलं ते रुग्णालय. आपल्या सीमाभागातल्या किती ख्रिस्ती मुली तिथे शिकून पायावर उभ्या राहिल्या याची गणती नाही. पुढे नोकरी कर्नाटकात, बरीचशी खानापूर तालुक्यात.

दिसण्याचं म्हणशील तर मला १९६३ साली देवी आल्या. कपाळापासून हनुवटीपर्यंत व्रण आहेत. हॉस्टेलच्या भेटीच्या खोलीत मुली बघायला लोक यायचे. मलाही दोनदा बोलावलं. दुसऱ्या वेळी आलेल्या बाई बोलताना माझ्याकडे बघेचनात, मागच्या कॅलेंडरकडे बघून बोलत होत्या. तिसऱ्या वेळी मीच वॉर्डनबाईंना सांगितलं, मला बोलवू नका, मला ड्यूटी आहे.

एक प्रसंग सांगते. खानापूरकडे रात्रपाळीला एक आजी होती, दोन्ही डोळ्यांनी दिसत नव्हतं तिला. मी उशी सारखी करायला वाकले तर तिने माझा चेहरा चाचपला. बोटं गालावर थांबली. म्हणाली, "तुला बी देवी आल्या होत्या व्हय?" आणि माझा हात ओढून आपल्या गालावर ठेवला. तिलाही होते. मग रोज रात्री ती मलाच हाक मारायची. माझ्या चेहऱ्यामुळे एखाद्याला माझ्याजवळ यावंसं वाटलं, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. मी त्या रात्री ड्रेसिंग रूममध्ये जाऊन प्रार्थना केली, आणि मागितलं काहीच नाही.

लोक विचारतात ते आयुष्यभर विचारत राहतात, त्याला इलाज नाही. कपाळाला टिकली नाही, गळ्यात मंगळसूत्र नाही, म्हणजे बाई एकतर विधवा नाहीतर "राहिलेली". खानापूरच्या बसमध्ये कंडक्टरपासून शेजारच्या बाईपर्यंत सगळे, "अक्कारे, लग्न आगेतेन?" म्हणजे कन्नडात, ताई, लग्न झालंय का? मी म्हणायची, "इल्ला." नाही. आणि खिडकी उघडायची.

आता कामाचं बोलते, कारण साडीइतकंच हेही महत्त्वाचं आहे. माझे वडील गेल्यावर भावांनी धरून चाललं, की घर त्यांचं आणि मी "राहते". मी वकिलाकडे गेले. आपल्या ख्रिस्ती लोकांना १९२५चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागतो. मृत्युपत्र न करता वडील गेले तर आईचा तिसरा हिस्सा, आणि उरलेल्या दोन तृतीयांशात सगळी मुलं सारखी. मुलगा-मुलगी, लग्न झालेली-न झालेली, फरक नाही. घरात मी पाहुणी नव्हते, हिस्सेदार होते. हे कळल्यावर माझं चालणंच बदललं.

दुसरं, तू स्वतःचं मृत्युपत्र कर. ४१ म्हणजे लवकर नाही. नवरा, मुलंबाळं नसलेली बाई मृत्युपत्राशिवाय गेली आणि वडील हयात असले, तर सगळं वडिलांना जातं. वडील नसले तर आई आणि भावंडांत सारखं वाटलं जातं. तुला दुसरं काही करायचं असेल तर लिहून ठेवावं लागेल. दोन साक्षीदार लागतात. आणि ज्याला काही द्यायचं आहे त्याला किंवा त्याच्या बायकोला साक्षीदार करू नकोस, त्याचं मिळणारं जातं. हे मला एका वकीलबाईंनी सांगितलं म्हणून मी वाचले, कारण मी भाचीलाच सही करायला बसवणार होते.

साडी नेस. आईजवळ बसून नेस.

---

मार्कंडेयकाठ | रविवार, रात्री ९:५५

सिस्टर, तुमचं लिहिलेलं तीनदा वाचलं. आमच्या घराचे कागद अजून पप्पांच्याच नावावर आहेत. धाकटा भाऊ पुण्याला असतो, चांगला आहे, पण आम्ही हा विषय कधी काढलेलाच नाही. भीती एवढीच, की मी काढला तर लोक म्हणतील, लग्न नाही म्हणून घरावर डोळा.

सरूताई, राग नाही. तुमच्या भाकरीच्या आवाजाचं वाचून मला माझी आजी आठवली. पण तुम्ही दागिने उतरवलेत तेव्हा ते तुमचं तुम्ही ठरवलंत. माझं नेसणं आणि न नेसणं दोन्ही दुसऱ्यांनी ठरवलंय आजवर.

---

पाळकाचा_मुलगा | सोमवार, सकाळी ११:१५

माझे वडील चिकोडी-संकेश्वर भागात पाळक होते. बायकांच्या नटण्याच्या या वचनांवर घरात खूप वाद ऐकलेत, म्हणून थोडं लिहितो.

पेत्राच्या पत्रातली यादी नीट बघा. केस गुंफणं, सोनं घालणं, आणि वस्त्रं नेसणं. मूळ ग्रीक वाक्यात वस्त्रं नेसणंही त्याच रांगेत आहे. ही सरसकट मनाई असती तर कपडेच घालता आले नसते. तो सांगतोय की तुमची शोभा तिथून येत नाही. तीमथ्याच्या पत्रात सोनं, मोती, महागडी वस्त्रं आहेत, म्हणजे मंडळीत बसलेल्या गरीब बायकांसमोर श्रीमंतीचं प्रदर्शन नको हा मुद्दा. बापाने पोटाला चिमटा घेऊन आणलेली एकुलती एक रेशमी साडी त्यात कशी बसते, मला कळत नाही. यहेज्केलाचा १६वा अध्याय काढा. तिथे देव स्वतः यरुशलेमेला न्हाऊमाखू घालतो, बांगड्या घालतो, नथ घालतो, रेशमी वस्त्र नेसवतो. तिला टाकून दिलेलं होतं, कुणी उचलून घेतलं नव्हतं, आणि त्याने उचललं. आमचे बाबा हा अध्याय वाचताना थांबायचे.

लग्नाविषयी : पहिल्या करिंथकरांचा ७वा अध्याय आपल्या मंडळ्यांमध्ये फक्त लग्नाच्या सल्ल्यासाठी वाचला जातो. पौल तिथे अविवाहित राहण्यालाही कृपादान म्हणतो. फिलिप्पाच्या चार अविवाहित मुली संदेश देत असत असं प्रेषितांच्या कृत्यांत आहे, २१वा अध्याय. त्यांचं लग्न का राहिलं याबद्दल तिथे एक अक्षर नाही. आणि ईस्टरचाच विषय आहे तर, कबरेपाशी पहाटे रडत उभी राहिलेली, आणि प्रभू पहिल्यांदा जिच्याशी बोलला ती मग्दालीया मरीया. शुभवर्तमानात तिच्या नवऱ्याचा उल्लेख नाही.

बेळगावच्या मुलींना एक नाव माहीत असावं. कॉर्नेलिया सोराबजी. जन्म नाशिकचा, १८६६चा, पण बालपणीची पहिली वर्षं बेळगावात गेली, मग पुणे. वडील पारशी घरातून ख्रिस्ती झालेले, मिशनचं काम करणारे. मुंबई विद्यापीठाची पहिली स्त्री पदवीधर. ऑक्सफर्डला कायदा शिकलेली पहिली स्त्री, १८९२ साली तिथली परीक्षा दिली. पण वकिलीचा दरवाजा बायकांना देशभर कायद्याने उघडला तो १९२३ साली. तोवर तिने बंगाल-बिहारकडच्या पडदानशीन बायकांच्या मालमत्तेची कामं पाहिली, ज्यांना परपुरुष वकिलासमोर येता येत नव्हतं. मिशनरी घरातली असूनही तिने साडी सोडली नाही. लग्न केलं नाही. तिची राजकीय मतं मला पटत नाहीत, स्वातंत्र्यचळवळीच्या ती विरोधात होती. पण तिला कुणी "राहिलेली" म्हणू शकेल का?

---

सरू_निपाणी | सोमवार, दुपारी ३:३०

भाऊ, तुमचं वाचन मोठं आहे. पण मी पंडिता रमाबाईंचं नाव घेते. त्याही एकट्याच. २४ वर्षांच्या आत विधवा झाल्या, पुढची चाळीस वर्षं एकटीने काढली, केडगावचं मुक्ती मिशन, निराधार बायकांचं घर, उभं केलं. पांढरी सुती साडी, बारीक केस, अंगावर दागिना नाही. त्यांना कुणाची हिंमत झाली नाही नटत जा म्हणायची. साधेपणात केवढं बळ आहे ते मला त्यांच्या फोटोत दिसतं. म्हणून म्हणते, साधं राहण्याला कमी लेखू नका. आम्हालाही लोक बोलतात. "ही काय विधवेसारखी" असं माझ्या जावेने माझ्या तोंडावर म्हटलंय, नवरा शेजारी उभा असताना.

---

मिरजेची_सिस्टर | सोमवार, सायंकाळी ७:१०

सरू, तुझं खरं आहे. साधेपणाला मी कमी लेखणार नाही, मी जन्मभर पांढऱ्या कपड्यात काढलाय. पण रमाबाईंच्या दारात ज्या बालविधवा आल्या, त्यांची डोकी आधी दुसऱ्यांनी भादरलेली होती. मुक्तीत त्यांना केस वाढवता आले. त्याच मुलींनी पुढे छापखान्यात खिळे जुळवून रमाबाईंनी भाषांतर केलेलं मराठी बायबल छापलं. बाईंचे स्वतःचे केस बारीकच राहिले आणि मुलींचे वाढले, आणि दोन्ही एकाच अंगणात. तुझे मोकळे हात आणि हिची जर एका बाकावर बसली तर काय बिघडलं?

---

खानापूर_तालुका | सोमवार, रात्री १०:४०

मी कॅथलिक आहे, नंदगडच्या बाजूची. आमच्याकडचं सांगते.

माझी मोठी बहीण कॉन्व्हेंटात सिस्टर आहे. मी लग्न न करता घरी. दोघी अविवाहित, पण घरी पाहुणे आले की आई तिचा फोटो भिंतीवरून काढून दाखवते आणि माझ्याबद्दल आवाज खाली करते. तिने व्रतं घेतली म्हणून ती देवाची, आणि मी कुणाचीच नाही असं काहीसं. बहिणीला मी हे एकदा सांगितलं तर ती गप्प झाली, मग म्हणाली, मला तरी रोज सकाळी काय नेसायचं याचा विचार करावा लागत नाही, तुला करावा लागतो, तुझं जास्त अवघड आहे. तिच्या तोंडून ते ऐकून मला फार हलकं वाटलं.

आमच्या चर्चमध्ये कॉन्व्हेंटात न जाता, आपल्या घरी राहून, आपली नोकरी करत बिशपांच्या हातून समर्पित कुमारिका होण्याचा विधी आहे. फार जुन्या काळी होता, १९७० साली पुन्हा सुरू केला. आमच्या गावात विचारलं तर दहात नऊ जणांना माहीत नसेल. मला ते करायचं आहे असं नाही. फक्त अशी जागा आहे हे कळल्यावर, मी कुठल्याच खान्यात नाही ही भावना कमी झाली.

---

वडगाव_माग | मंगळवार, सकाळी ६:५०

नमस्कार ताई. मी तुमच्या धर्मातला नव्हे, वडगावातला मागवाला. आजोबा हातमागावर, वडील हातमागावर, मी पॉवरलूमवर. साडीचं वाचलं म्हणून लिहितो, बाकी विषयात माझं काय काम नाही.

रेशीम एकाच घडीवर सोळा-सतरा वर्षं पडलं की घडीवर धागा मोडतोच. तुमच्या साडीत दोष नव्हे तो. साडी ट्रंकेत ठेवली की टिकते, हा गैरसमज. दोन-तीन महिन्यांनी काढून घडी फिरवायला लागते, म्हणजे एकाच रेघेवर भार येत नाही. आता काय करायचं ते ऐका :

आधी सावलीत, पंख्याखाली नव्हे, नुसत्या हवेला पसरून ठेवा अर्धा दिवस. ऊन नको. पाण्यात घालू नका. डांबरगोळ्या असतील तर काढा. जरीला लागल्या की जर काळी पडते. प्लास्टिकच्या पिशवीत असेल तर तीही काढा. आपल्याकडच्या पावसाळ्यात आत ओल धरते. जुनं धुतलेलं धोतर किंवा मलमल घेऊन त्यात गुंडाळायची.

विरलेल्या रेघेला मागून बारीक नेट लावून घ्या. शहापुरात रफूवाले आहेत, साडी हातात घेतल्यावर सांगतील. मोरपंखीला मोरपंखी नेट मिळतं. ती रेघ निऱ्यांत जाईल अशी नेसायची, वर दिसणार नाही. इस्त्री करायची तर वर सुती कापड टाकून, मंद. अत्तर-सेंट अंगाला आधी लावा, साडीवर मारू नका.

आणि एक सांगू? शहापूर पूर्वी सांगली संस्थानात होतं, तेव्हापासून इथली साडी नेसायला म्हणूनच विणत आले आमचे लोक. कुणाच्या तरी अंगावर बघायला. ट्रंकेत ठेवायला म्हणून एकसुद्धा विणलेली नाही. नेसा की.

---

गोकाकची_पोर | मंगळवार, सकाळी ९:०५

काका, हे वाचून मी आईची सगळी कपाटं उघडली आज.

---

मार्कंडेयकाठ | बुधवार, रात्री ११:२०

सगळ्यांचे आभार. मागवाले दादांचा मजकूर मी आईला वाचून दाखवला. मुद्दाम तेवढाच, बाकी काही नाही. ती भाजी निवडत होती. "घडीवर धागा मोडतोच" या ठिकाणी तिचा हात थांबला. मग म्हणाली, "मला वाटायचं, मी नीट ठेवली नाही." आणि थोड्या वेळाने, "परकर कुठला घालणार?"

एवढंच. पण अबोला संपला.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी शहापूरला गेलो. रफूवाल्यांनी साडी उजेडात धरली तेव्हा रेघेतून पलीकडचा रस्ता दिसत होता. आई त्यांना सांगत होती, "पोरीच्या वडिलांनी आणलेली आहे, जपून करा." येताना रिक्षात तिने विचारलं, मी लग्नाला नाही का म्हणते. मी म्हटलं, नाही म्हणत नाही गं, मी थांबलेली नाहीये. जगतेय. पतसंस्थेतलं काम मला आवडतं, संडे स्कूलची मुलं आवडतात, तुझ्याबरोबर राहणं आवडतं, संध्याकाळी एकटीने चालायला जाणं आवडतं. देवाने मला काही द्यायचं बाकी ठेवलंय असं मला वाटत नाही. आईने बराच वेळ उत्तर दिलं नाही. मग म्हणाली, "मला वाटतं कधीकधी. पण ते माझं."

हे मी जसंच्या तसं लिहिते आहे, कारण मला ते फार प्रामाणिक वाटलं.

---

सरू_निपाणी | गुरुवार, सकाळी ८:००

ताई, माझं मत साडीबद्दल पूर्ण बदललेलं नाही. मी नेसले नसते. पण तुमच्यासाठी ईस्टरच्या पहाटे प्रार्थना करीन, आणि तुमच्या आईसाठी जास्त.

---

मार्कंडेयकाठ | ईस्टर सोमवार, रात्री ९:३०

सांगायचं राहून जाऊ नये म्हणून लिहिते.

पहाटे चारला उठलो. आईने निऱ्या धरल्या. नेटवाली रेघ नेमकी तिसऱ्या निरीत गेली. केस तसेच, पांढरे आहेत तिथे पांढरे. कानात रोजचे डूल. आरशात बघितल्यावर मला पहिल्यांदा जाणवलं, की मोरपंखी रंग माझ्या रंगावर खुलतो. पप्पांनी तो बघूनच घेतला असणार. कुणी तेव्हा म्हणालं होतं, सावळ्या मुलीला फिका रंग घ्या. त्यांनी नाही घेतला.

पहाटेची उपासना झाली. फाटकापाशी त्या काकी होत्याच. साडीकडे बघून म्हणाल्या, "अगंबाई, कुणाचं लग्न?" मी तोंड उघडायच्या आत आई म्हणाली, "कुणाचं नाही. तिच्या पप्पांनी आणलेली, आज नेसली." काकींनी पदर हातात घेऊन जर बघितली, आणि म्हणाल्या, "जुनी जर आहे. आता अशी येत नाही." आवाजात काही वाईट नव्हतं. त्यांच्याही ट्रंकेत काहीतरी असेल.

मग कबरस्थानात गेलो. पप्पांच्या कबरेवर मेणबत्ती लावताना पदर खोचून घेतला, मेण सांडेल म्हणून. वारा होता, ती तीनदा विझली.

घरी आल्यावर साडी दोरीवर सावलीत टाकली. संध्याकाळी आईने एक टोक धरलं, मी दुसरं, आणि घडी फिरवून घातली, आता रेघ कुठेच मधे येत नाही. ट्रंकेत ठेवली नाही. कपाटात, माझ्या रोजच्या साड्यांच्या वरच्या फळीवर, पप्पांच्या जुन्या धोतराच्या तुकड्यात.

सिस्टर, काल संध्याकाळी भावाला फोन केला. घराच्या कागदांचं विचारलं. तो म्हणाला, "ताई, तूच बघ सगळं, मी सही करतो." मी उगाच घाबरत होते. उद्या वकिलांकडे जाते आहे. आई म्हणते, तीही येणार. तुम्हाला आणखी एक विचारायचं होतं : मृत्युपत्राला साक्षीदार म्हणून शेजारच्या बाई चालतील का, त्यांना मी काही देणार नाहीये.

---

मिरजेची_सिस्टर | ईस्टर सोमवार, रात्री १०:०२

चालतील. दोघी तुझ्यासमोर सह्या करू देत. चष्मा घेऊन जा.

---

गोकाकची_पोर | ईस्टर सोमवार, रात्री १०:१५

ताई, मी तो फोटो बदलला. दुसऱ्या स्टुडिओत गेले, आधीच सांगितलं, हात लावायचा नाही. मान आणि चेहरा एकाच रंगाचे आलेत.

---

वडगाव_माग | मंगळवार, सकाळी ६:३०

घडी फिरवली ते बरं केलंत. आता पावसाळ्याआधी एकदा परत काढा.